काकवी नेमकी कशाची

एनिडमावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्यात मी माझा व्हिडिओ गेमचा डबा तिच्या घरी नेऊन ठेवला. ती शेजारीच राहते. इंग्लंडमधल्या बर्सलेमच्या चढावर विटांच्या घरांची जी रांग आहे, तिच्यातलं शेवटचं घर माझं आणि त्याच्या अलीकडचं तिचं. मी याच घरात जन्मलो, तेव्हापासून ती मावशी. आता मी पन्नाशीला आलो, शहराची बस चालवतो, तरी तिच्या लेखी अजून चिखलाचे बूट घालून तिच्या स्वयंपाकघरात शिरणारा नेव्हच आहे.

तिने अडतीस वर्षं मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात काढली. पंधराव्या वर्षी लागली ती झिलईच्या, म्हणजे भांड्यांना काचेसारखा लेप चढवण्याच्या खात्यात. भाजून आलेलं कोरडं भांडं झिलईच्या पिंपात बुडवायचं, मनगटाला एक झटका द्यायचा आणि फळीवर ठेवायचं, की पुढचं घ्यायचं. कारखाना बंद झाला तेव्हा रोजगार कचेरीतल्या मुलीने तिला विचारलं, "याशिवाय काही येतं का तुम्हाला?" मावशी म्हणाली, "पुडिंग बरं करते." मुलीने फॉर्मवर 'काही नाही' असं लिहिलं. हा किस्सा मावशी हसत सांगायची, पण सांगायची वारंवार.

नवरा, सिरिल, जाऊन सहा वर्षं झाली होती. टीव्हीचा तिला कंटाळा. पाय उशीवर ठेवून खिडकीतून माणसं मोजायची, एवढंच काम उरलं होतं.

"गोळ्या झाडायच्या असतील तर मला नको," ती डब्याकडे बघत म्हणाली.

"गोळ्या नाहीत. यानातून हिंडायचं. ग्रह बघायचे, दगड गोळा करायचे."

"म्हणजे तुझ्यासारखंच. दिवसभर गाडी चालवायची आणि पोहोचायचं कुठेच नाही."

खेळाचं नाव 'दूर किनारा'. आठवड्याभरात ती माझ्यापेक्षा लांब जाऊन आली. बोटं अजून चपळ होती, आणि घाई तर तिला कधीच नव्हती. आम्ही बाकीचे ग्रहावर उतरतो, खनिज उचलतो, निघतो. ती तिथे बसून राहायची. माती कसली आहे, वारा कुठून येतोय, सगळं बघायची.

त्या खेळात एक पदार्थ आहे, त्यावरून जगभरचे खेळाडू तीन वर्षं डोकं खाजवत होते. काही ग्रहांवर खोलगट खड्डे असतात, आणि खड्ड्यांच्या तळाशी दाट, चकचकीत रस साचलेला असतो. खेळ त्याला नावही देत नाही. उचललं की अक्षरं येतात: 'विकता येत नाही. वापरता येत नाही. कोमट आहे.' बस्स. चाहत्यांनी त्याचं नाव काकवी ठेवलं. इंटरनेटवर खेळाडूंच्या फोरमवर काकवीबद्दल हजारो पानं भरली होती. कोणी म्हणे ते मेलेल्या ग्रहाचं रक्त, कोणी म्हणे पुढच्या खेळाचं बियाणं. हल शहरातला रसायनशास्त्राचा मास्तर, ऑब्री पिंडर नावाचा, तिथे 'धूमकेतू' या नावाने लिहायचा. त्याचा चाळीस पानी लेख होता की काकवी हे हरवलेल्या लोकांचं इंधन आहे. फोरमवर त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

एका दुपारी ड्यूटी संपवून मी मावशीकडे गेलो तर तिने चहासुद्धा विचारला नाही.

"नेव्ह, हे बघ. इथली हवा चांगली आहे ना? झाडं आहेत. इथे काकवीची कड हिरवी आहे. आता तो कालचा ग्रह, सगळीकडे धूर. तिथे लालभडक."

"ते माहीत आहे सगळ्यांना. दोन जातीची काकवी असते म्हणतात."

"दोन जाती कसल्या? एकच आहे. झिलई आहे ती, तांबं घातलेली." ती शांतपणे म्हणाली. "झिलईत तांबं घातलं आणि भट्टीत मोकळी हवा खेळली, की भांडं हिरवं निघतं. हवा कोंडून धूर केला की तेच भांडं लाल. आमच्याकडे एक भट्टी फक्त लालसाठी होती. जो म्हातारा ती सांभाळायचा तो कोणाला जवळ येऊ द्यायचा नाही."

मी बसलो.

"आणि ते खड्डे," ती म्हणाली, "उल्का पडून झालेत म्हणता ना तुम्ही? प्रत्येक खड्ड्याचं तोंड वाऱ्याच्या आडोशाला आहे. उल्का काय वारा विचारून पडते? भट्ट्या आहेत त्या. आणि कडेला तुकड्यांचा ढीग आहे तो खापऱ्यांचा. फुटलेला माल. आमच्या कारखान्यामागे असाच डोंगर होता. इथे कोणीतरी भांडी करत होतं, राजा."

तिने सांगितलं तसं मी फोरमवर टंकलं, तिच्याच नावाने: एनिड टनिक्लिफ. उत्तरं आली ती ऐकवायला मला लाज वाटली, पण तिने ऐकवायला लावली. एकाने लिहिलं, 'अब्जावधी मैल जायचं ते आजीचा कप शोधायला?' दुसरा म्हणाला, 'माझ्या काकूला वाटतं ते लोकर आहे.' धूमकेतू सभ्यपणे लिहून गेला: 'कल्पना गोड आहे. पण यानातल्या भट्टीत काकवी आम्ही सर्वांनी शेकडो वेळा तापवून पाहिली आहे. फक्त काळा कोळसा निघतो.'

"नुसती झिलई तापवली तर कोळसाच निघणार," मावशी म्हणाली. "विचार त्याला, बरोबर खापऱ्या घातल्या होत्या का."

घातल्या नव्हत्या. खापऱ्यांना खेळात काही किंमत नव्हती, म्हणून कोणी त्या उचलतच नसे.

दुसऱ्या दिवशी धूमकेतूचं उत्तर आलं, आणि त्यात तो आधीचा रुबाब नव्हता. त्याने खापऱ्या आणि काकवी एकत्र घातली होती. 'भट्टी तयार' असा दिवा लागल्यावर दार उघडलं. आत कोळसा नव्हता. तडे गेलेला एक बाकदार तुकडा होता, लाल, चकचकीत. खाली लिहिलं होतं, 'श्रीमती टनिक्लिफ, माझं काय चुकलं?'

मावशी पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकली. "लिही. दार उघडलंस, ते चुकलं. तापलेल्या भांड्याला गार हवा लागली की ते तडकणारच. विस्तव विझव आणि हात लावू नकोस."

"दिवा लागतोय ना पण."

"लागू दे. आमच्या मॅनेजरलाही घाईच असायची."

"किती वेळ थांबायचं, विचारेल तो."

"दोन दिवस."

अडचण अशी की भट्टीचं दार बंद असेपर्यंत यान उडत नाही. म्हणजे दोन दिवस खेळ चालू ठेवायचा आणि काहीही करायचं नाही. तीन वर्षांत एवढं कोणी थांबलं नव्हतं. मावशीने खापऱ्या आणि काकवी घालून आपल्या यानातली भट्टी पेटवली, विझवली आणि विणकाम काढलं. टीव्हीवर तो दिवा लुकलुकत होता, तिने त्यावर बशीपुसणं टाकलं. हलमध्ये धूमकेतूही थांबला होता. त्याच्या मागोमाग फोरमवरचे आणखी शंभरेक जण, काही खरोखर, काही चेष्टेने.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी मुद्दाम सुट्टी घेतली. मावशीने आधी न्याहारी केली, बशी धुतली, मग बसली. दार उघडलं.

आत वाडगा होता. तळहाताएवढा. बाहेरून गडद लाल आणि काठाला, झिलई पातळ होते तिथे, किंचित हिरवा. खाली अक्षरं आली: 'वाडगा. रिकामा.'

मावशी वाडगा फिरवून फिरवून बघत राहिली, खालची बाजूसुद्धा.

"तळ पुसलाय," ती म्हणाली. "बुडवल्यावर तळ पुसायचा असतो, नाहीतर भट्टीला चिकटतो. ज्याने हे केलंय त्याला कोणीतरी नीट शिकवलंय."

फोरमवर दिवसभर गोंधळ होता. निम्मे लोक चिडले. वाडग्याने यान जोरात पळत नव्हतं, कुठलं दार उघडत नव्हतं. 'तीन वर्षं, आणि एक वाडगा?' खेळ बनवणाऱ्यांनी खुलासा केला नाही. पण उरलेले निम्मे लोक कामाला लागले. ग्रहाग्रहांवर जाऊन खापऱ्या गोळा करू लागले, भट्ट्या विझवून थांबू लागले. कोणी लिहिलं, 'आज दोन दिवस थांबलो. घरातली कपाटं आवरून झाली.' धूमकेतूने आपला चाळीस पानी लेख काढून टाकला आणि जागी एकच ओळ ठेवली: 'बर्सलेमच्या एनिड टनिक्लिफ यांना विचारा.'

वसंतात ऑब्री पिंडर स्वतः आला. लांब, वाकलेला माणूस, हातात टोपी. मावशी आता काठीशिवाय चालत होती. तिने चीज आणि बेकन घालून ओटकेक केले, ओटच्या पिठाची इकडची धिरडी.

"मी वर्गात दरवर्षी मुलांना तांब्याचे रंग दाखवतो," तो अपराधी चेहऱ्याने म्हणाला. "आणि मला सुचलं नाही."

"तू भट्टीपुढे उभा राहिला नाहीस ना कधी. खा, गार होतंय."

"तुम्ही हे कुठे शिकलात?"

"शिकले कुठे? नोकरी होती." मग चहा ओतत ती म्हणाली, "पण कामात वाईट नव्हते मी."

ऑब्रीने खाणं थांबवलं. "वाईट? तीन वर्षं दोन लाख माणसं त्या खड्ड्यांभोवती फिरत होती."

"दोन लाख," मावशी माझ्याकडे वळून म्हणाली. "आणि एकालाही खापरी ओळखता येऊ नये, नेव्ह." पण तिचे कान लाल झाले होते, आणि ऑब्रीच्या ताटात तिने न विचारता तिसरा ओटकेक वाढला.

आता दर गुरुवारी दुपारी ती दोन तास फोरमवर बसते. टंकायला शिकली आहे, एका बोटाने. लोक फोटो पाठवतात: माझ्या वाडग्यावर फोड का आलेत, काठ का ओघळला. ती प्रत्येकाला उत्तर देते. त्यांतल्या पाचसहा जणांनी आपापल्या गावी खऱ्या मातीचे वर्ग लावले, त्यांचीही वाकडीतिकडी भांडी फोटोंतून येतात, आणि त्यांना ती जास्त कडक बोलते.

मागच्या महिन्यात खेळात नवं गूढ आलं. एका चंद्रावर गाणारे दगड सापडले. लगेच सगळे तिला विचारू लागले.

"काय लिहू?" मी विचारलं. एवढ्या जणांना एका बोटाने उत्तर देणं तिला जमणारं नव्हतं.

"लिही की मला दगडातलं काही कळत नाही," ती चष्मा पुसत म्हणाली. "एखादा गवंडी शोधा म्हणावं."