सतरा फोनांची पिशवी

तू कंपनीत नक्की काय करतेस, असं कुणी प्रणिताला विचारलंच, तर त्याने चहा आधी पिऊन घ्यावा. सर्व्हर, चावी, ओळख असं काय काय ती इतक्या उत्साहाने सांगत सुटायची की समोरचा कप हातात धरूनच बसायचा. पेणच्या रामवाडीत तिच्या वडिलांचा गणपतीचा कारखाना. मुलगी मात्र धाटावच्या एका केमिकल कंपनीत कॉम्प्युटर विभागात लागली होती, आणि त्या दिवशी दुपारी तीन वाजता तिच्या कामाचा निकाल लागणार होता.

कंपनीतले ऑपरेटर रिअ‍ॅक्टरचं तापमान आपापल्या मोबाइलवरून नोंदवायचे. पासवर्ड मात्र सगळ्यांना मिळून एकच, तोही कंट्रोल रूमच्या भिंतीवर चिकटवलेला! गेल्या वर्षी कुणीतरी चुकीचा आकडा भरला आणि आठ दिवस घरी बसावं लागलं हैबतरावांना. दुसऱ्या शिफ्टमधले ते सगळ्यात जुने ऑपरेटर. त्या दिवशी बिचारे रजा काढून शेतावर भात झोडत होते, पण आकडा तर मोबाइलवरून कुठूनही भरता यायचा; तो कुणाचा हे सांगणार कोण? प्रणिताला ते फार लागलं होतं. साहेबांच्या, म्हणजे हर्षद सरांच्या, मागे लागून लागून तिने नवी पद्धत मंजूर करून घेतली. प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याची स्वतःची गुप्त चावी. ती फोनच्या आतच तयार होणार आणि बाहेर कधीच जाणार नाही. सर्व्हरकडे जाणार ती फक्त तिची खूण, माणूस ओळखण्यापुरती.

पहिल्या आणि तिसऱ्या शिफ्टचे फोन झाले होते. उरली होती दुसऱ्या शिफ्टची पेणच्या बसमधली सतरा माणसं. तीनपर्यंत ती झाली नाहीत, तर हर्षद सर एकच चावी ग्रुपवर सगळ्यांना पाठवून मोकळे होणार होते. म्हणजे पुन्हा तोच पासवर्ड, फक्त भिंत बदलली.

सकाळी आठलाच हैबतराव रामवाडीत दारात उभे. हातातली भाजीची पिशवी त्यांनी टेबलावर अलगद रिकामी केली. आतून सतरा फोन निघाले. प्रत्येकावर पांढरी पट्टी, पट्टीवर नाव आणि नावाखाली पिन.

"घे गो. सहापासून स्कूटरवर फिरून गोळा केलेत. तुझं काम हलकं झालं."

प्रणिताने कपाळाला हात लावला. काम खरंच तासाभराचं होतं! तेवढ्यात हर्षद सरांचा फोन आला. तिने पिशवीचं सांगताच ते म्हणाले, "अगं, पिनसकट आलेत? मग उरकून टाक ना!"

"नाही सर. मी केल्या तर त्या सतराही चाव्या माझ्या होतील."

हैबतरावांचा चेहरा उतरला. "म्हंजे माझ्यावर भरवसा नाय?"

"काका, गणपती सांगायला बाबांकडे येता तेव्हा पाट कुणाचा आणता?"

"आमच्या घरचा."

"शेजाऱ्याचा चालेल?"

"चालंल कसा? आमचा गणपती आमच्याच पाटावर बसनार."

"चावीचंही तसंच आहे. ज्याच्या त्याच्या फोनमध्ये, ज्याच्या त्याच्या हाताने."

हैबतरावांनी ढिगातला एक फोन उचलून पट्टीवरचं नाव वाचलं. "म्हंजे मी सतरा घरचे पाट उचलून आणले व्हय?"

"आता सगळ्यांना फोन करा आणि लवकर बोलवा," प्रणिता म्हणाली, आणि दोघांचीही नजर टेबलावर गेली. फोन करणार कुणाला? सगळ्यांचे फोन इथेच! दोघं पोट धरून हसली, पण घड्याळ काही थांबलं नव्हतं.

आता सगळे एकत्र भेटणार ते बसमध्येच. दुपारी सव्वा वाजता प्रणिता कंपनीच्या बसमध्ये चढली, मांडीवर टॅब, शेजारी पिशवी घेऊन हैबतराव. "आपापला फोन घ्या! पट्टी फाडा! आधी पिन बदला, मग माझ्या टॅबवरचा कोड स्कॅन करा!" कोड मिनिटभर जगायचा आणि एकदा वापरला की संपला. वडखळला चार झाले, नागोठण्याला अकरा. प्रत्येक नावापुढे हिरवी खूण उमटली की अख्खी बस ओरडायची. आणि भिसे खिंडीत रेंज गेली. गोविंदाचा कोड तीनदा मेला.

"कान्हू, वरच्या वळणावर गाडी घे बाजूला!" हैबतरावांनी ड्रायव्हरला हाक दिली. तिथे रेंजची एक काडी आली. गोविंदा फोन उंच धरून उभा राहिला आणि बारावी खूण उमटली! रोह्याच्या पुलावर सोळा झाले.

सतरावे हैबतराव. त्यांनी पट्टी फाडली, खिडकीकडे तोंड केलं आणि फोनवर टॉवेल ओढला. "तिकडं बघ गो, पिन टाकतोय." बस हसून हसून बेजार झाली. प्रणिता मात्र इमानदारीत दुसरीकडे बघत राहिली, आणि तिला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

तीन वाजून चार मिनिटांनी तिच्या पडद्यावर पहिली नोंद आली. तापमान, वेळ आणि पुढे नाव, हैबतराव. लगेच कंट्रोल रूममधून त्यांचा फोन.

"पोरी, आता चुकीचा आकडा भरला तर तो माझाच ना? आनि दुसऱ्यानं भरला तर माझा नाय ना?"

"नाही काका. तुमचा असेल तेवढाच तुमचा."

"थांब मग," हैबतराव म्हणाले, "काटा परत एकदा बघून येतो."