मागे बसणारी ताई

बेशुद्ध माणसासाठी कुणी पाण्याचा पेला पुढे केला, की ताई तो हातातून काढून घ्यायच्या आणि स्वतःच गटागटा पिऊन टाकायच्या. "त्याले नाई, मले तहान लागली," असं म्हणून रिकामा पेला परत द्यायच्या.

तुम्हीही पाहिलं असेल, आपल्याकडे माणूस कोसळला की कुणीतरी आधी त्याच्या तोंडात पाणी ओततं. ते श्वासनळीत जातं, हे गर्दीला समजावत बसायला वेळ नसतो. हटकलं तर घरातली म्हातारी माणसं दुखावतात. ताईंनी पाणी पिऊन टाकलं की वादच मिटायचा. परतताना मात्र त्यांच्यासाठी मला झुडपांच्या आडोशाला गाडी थांबवावी लागे. त्यावरून चिडवलं, की आमचं गाव आर्वी येईपर्यंत त्या माझ्याशी बोलत नसत.

मी त्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर. ताई मागे, पेशंटजवळ. मधे एक सरकती काच. बारावी आर्ट्स आणि पूर्वी केलेला प्रथमोपचाराचा एक छोटा कोर्स, एवढंच त्यांचं शिक्षण. पण खड्डा यायच्या आत त्यांचा हात पेशंटच्या मानेखाली गेलेला असे. मला त्यांचा फार अभिमान होता, आजही आहे.

मग वरून नियम आला. मागे बसणाऱ्याकडे या कामाची डिग्री हवी. ताईंना ऑफिसात बसून फोन घ्यायचं काम देऊ केलं. मी भडकलो. अँब्युलन्सच्या ठेकेदाराच्या माणसाला नाही नाही ते बोललो आणि विरोधाचा अर्ज घेऊन सह्या मागत फिरलो. ताईंनीच सही केली नाही.

"काऊन?" मी विचारलं.

"नियम बरोबर हाये, भाऊ."

"अन् तुमची जागा?"

"तो फवारणीवाला, विष चढलेला, आठवते तुमाले? वर्ध्यापर्यंत त्याचा हात सोडला नाई मी. तोंडातून फेस येऊन राह्यला होता, मी पुसून राह्यली होती. डॉक्टर फोनवर औषध सांगत होते. पण सुई द्याची मले परवानगी नाई अन् मले ते येतही नाई. नुसता हात धरून कोणी वाचते काय?"

तो माणूस वाटेतच गेला होता. मी त्याला कधीच विसरलो होतो. ताई मात्र विसरल्या नव्हत्या.

डिग्रीवाली मुलगी आली. यवतमाळकडची, किडकिडीत, बोलताना अडखळणारी. मला तर ती पाहताक्षणीच आवडली नाही. ताईंनी मात्र तिला हाताशी धरलं. गर्दीतून वाट कशी काढायची, रडणाऱ्या घरातून नेमकं कुणाला गाडीत घ्यायचं, सगळं दाखवलं. "औषधं तुले येतेत. माणसं माह्याकडून शिकून घेजो," असं त्या तिला म्हणायच्या.

ताईंच्या शेवटच्या फेरीत आम्हाला कपाशीवर फवारताना विष चढलेला एक तरुण घ्यावा लागला. मुलगी मागे चढली. ताई पहिल्यांदाच माझ्या शेजारी बसल्या.

"अवो माय, हा रस्ता समोरून असा दिसते काय!" त्या म्हणाल्या. इतकी वर्षं त्यांना या रस्त्याचे फक्त खड्डे ठाऊक होते.

मागे मुलगी फोनवर डॉक्टरांशी बोलत होती. तिचा आवाज आता अडखळत नव्हता. ताई दोन्ही हात मांडीवर घट्ट आवळून बसल्या होत्या.

"पाहा ना मागं," मी म्हणालो.

"नाई. मी पाह्यलं त पोरगी माह्याकडं पाहीन. तिले पेशंटकडं पाहू द्या."

वर्धा जवळ आलं तेव्हा काच सरकली. "काकू, औषध लागू पडलं. श्वास मोकळा होतोय!"

ताईंनी डोळ्यांना पदर लावला. "भाऊ, त्या दिवशी हे पोरगी असती त..." एवढंच त्या म्हणाल्या.

दवाखान्याच्या दारात मी ब्रेक लावला. मागचं दार आतून उघडलं, स्ट्रेचर उतरलं, मुलगी त्याच्याबरोबर धावत आत गेली. ताई माझ्या शेजारीच बसून राहिल्या.