‘विथ’ शिकवणारे सर

हाताला लागलेली खडूची भुकटी सदऱ्याला पुसत सर म्हणायचे, "विथ आला की थांबा. ह्याचं खानदान तपासा."

आष्टीकडच्या आमच्या कॉलेजात इंग्रजीला सगळेच भीत. माझ्या घरात तर माझ्याआधी कोणी मॅट्रिकही नव्हतं. आज मी इंग्रजी शिकवतो ते सरांमुळे. त्यांच्याकडून कळलं, की फार जुन्या इंग्रजीत ‘विथ’चा अर्थ होता ‘विरुद्ध’. ‘सोबत’साठी ‘मिड’ होता. त्याचा भाऊ जर्मनीत ‘मिट’ म्हणून अजून नांदतो. इंग्रजीत मात्र विथने त्याची जागा बळकावली. मिड उरला तो सुईणीच्या नावात. मिडवाइफ, म्हणजे बाईच्या सोबत असणारी. सरांची आई सुईण होती. हे सांगताना त्यांचा आवाज खाली येई.

"पण सर, विरुद्धचा सोबत कसा झाला?"

"भांडणारी माणसं लई जवळ उभी असतात, बाबा."

दुष्काळ पडला. गावाची गुरं दूध संस्थेच्या विहिरीवर तगून होती. ती विहीर चेअरमनच्या मेव्हण्याच्या टँकरला द्यायचं ठरत होतं. घरी एक गाय असल्याने सरही सभासद होते. सभेत ठरावाला विरोध करा, असं सांगत ते दारोदार फिरले.

"तुमी उठा सर, आमी हावोतच की," माझे वडीलही म्हणाले.

आपल्याकडच्या सभा तुम्ही पाहिल्या असतील. ठरावाची पहिली ओळ वाचली, की सगळे ‘मंजूर’ म्हणतात आणि भज्यांकडे वळतात. सर उठले. "पुरतं वाचू द्या. विहीर चाललीय आपली."

त्यांनी मागे पाहिलं. माणसं चपला शोधत होती. पहिलं ‘मंजूर’ माझे वडील म्हणाले.

घरी येऊन मला म्हणाले, "चेअरमनशी वाकडं घेऊन दूध कुठं घालू? तू सांग."

दुसऱ्या दिवसापासून सरांचं दूध ‘फॅट कमी’ म्हणून परत येऊ लागलं. गाय तीच होती. सरांनी ती विकली, बदली मागितली. त्या दिवसांत धड्यात ‘विथ’ आला तरी सर थांबत नसत.

सामानाचा टेम्पो निघताना वडील दुधाची किटली घेऊन गेले. "सर, वाटंत चहाला व्हईल."

टेम्पोत बसलेल्या सरांनी झाकण काढून आत पाहिलं. "बघा आबा, ह्याला तरी फॅट लागंल का?"

टेम्पो हलला. झाकण सरांच्या हातातच गेलं. उघडी किटली दोन्ही हातांनी धरून वडील घराकडे आले.