तांडेलाचा वाटा

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाला तीन गुरू होते, आणि त्यातल्या दोघांनी कॉलेजची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलेली नव्हती. साठच्या दशकातली ही गोष्ट. मालवणात कॉलेज नवं होतं आणि मैदान थेट किनाऱ्याला लागून, मध्ये फक्त सुरूच्या झाडांची एक रांग. मी कट्ट्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, संघातला लेफ्ट आऊट. मला पोहता येत नसे. बाकीची बहुतेक पोरं दर्यावर वाढलेली, ती मला ‘जोतावरचो बैल’ म्हणत.

संघ सांभाळणारे आमचे सर इतिहास शिकवत. ते कोल्हापूरचे, तालमीच्या संघातून खेळलेले, बोलायला मोकळे आणि रागवायला त्याहून मोकळे. एकट्यानं वीस पोरं आवरत नाहीत म्हटल्यावर त्यांनी गावात चौकशी करून दोन मदतनीस जोडले.

पहिला होता आगवाला. लहानपणीच मुंबई गाठून तो बोटीवर चढला आणि उमेदीची सगळी वर्षं भट्टीत कोळसा टाकण्यात घालवली. बोट बंदराला लागली की खलाशी लोक धक्क्यावरच दुसऱ्या बोटीवाल्यांशी फुटबॉल खेळत, तिथं तो शिकला. छातीत कोळशाची भुकटी बसली तेव्हा घरी परतला आणि बाजारात सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं. आमच्या बॉलचा ब्लॅडर फुटला की पंक्चरचं ठिगळ तोच लावायचा. त्याला पळवत नसे, चार पावलं टाकली की खोकला यायचा. पण जागच्या जागी उभा राहून तो बॉल असा काही बेमालूम वळवायचा की आम्ही तोंड वासून बघत राहायचो. ‘‘भट्टीफुडे जागा नसता रे,’’ तो म्हणायचा, ‘‘हातभर जाग्यात सगळा करूचा लागता.’’

दुसरा तांडेल. तो रापणीचा म्होरक्या. रापण म्हणजे होडीनं समुद्रात लांबवर जाळं टाकायचं आणि दोन्ही बाजूंच्या दोऱ्या किनाऱ्यावरून सगळ्या वाडीनं मिळून ओढायच्या. बाप गेल्यावर कोवळ्या वयात दोरी त्याच्या हाती आली. फुटबॉल म्हणावा तर जुन्या जाळ्याचा गोळा करून पुळणीच्या वाळूत खेळला असेल तेवढाच. सरांनी त्याला एकदा दोरी ओढवून घेताना पाहिलं आणि म्हणाले, हा माणूस मला पाहिजे. त्यानं आमच्याकडून महिनाभर मैदानावर दोर ओढवून घेतले. ‘‘फुडच्यान वडल्यान तर मागच्याक कळाक होया,’’ एवढाच त्याचा धडा. मला आधी हा शुद्ध गाढवपणा वाटला होता. पण पुढं बॉल पायात आला की उजवीकडचा गडी कुठं पोचला असेल ते मान न वळवता कळायला लागलं, आणि मी कुरकुर बंद केली.

या दोघांवर माझा जीव होता, आजही आहे. सामन्याच्या दिवशी धुतलेला पंचा डोक्याला गुंडाळून तांडेल मैदानाच्या कडेला उभा राहायचा. आपण कॉलेजचे मास्तर झालो याचं अप्रूप त्याच्या चेहऱ्यावर मावत नसे. घरात बायकोलाही तो म्हणे ‘माझी पोरां’ म्हणूनच आमच्याबद्दल सांगायचा.

आणि त्याचीच जागा जायची वेळ आली. घाटावरच्या एका कॉलेजचा संघ आला होता. आम्ही एका गोलनं पुढं होतो, खेळ संपत आला होता. तांडेल सवयीनं दर्याकडं तोंड करून उभा. तेवढ्यात पाणी काळवंडलं, पक्षी सपासप खाली येऊ लागले. तांडेलानं पंचा काढून हवेत फिरवला आणि आभाळ फाटेल अशा आवाजात ओरडला, ‘‘इलो रे इलो! बांगडो इलो!’’

मासळीचा थवा किनाऱ्याला लागल्याची ही हाक आली की हातातलं काम टाकून दोरीकडं धावायचं, हे आमच्या पोरांनी पाळण्यातच शिकलेलं. गोलकीपर पाठ फिरवून समुद्र बघत राहिला. दोन्ही फुलबॅक तर पाण्याच्या दिशेनं सुटलेच. घाटावरच्या गड्यानं बॉल आरामात नेऊन गोलात ठेवला. आमची पोरं भानावर येऊन परत फिरेपर्यंत दुसराही झाला. तेवढ्या वेळात मैदानावर धावत होतो तो मी एकटा, बैल! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तांडेल मात्र केव्हाच होडीवर पोचला होता.

आम्ही हरलो. प्राचार्य पाहुण्यांसमोर ओशाळले आणि त्यांनी हुकूम सोडला की तो मच्छीमार पुन्हा मैदानावर दिसता कामा नये. त्या रात्री सगळं गाव बांगडे जेवलं. प्राचार्यांच्या घरीही तेच शिजले, हे आम्हांला त्यांच्या गड्याकडून कळलं.

दुसऱ्या दिवसापासून तांडेल फिरकला नाही. त्याच्यापर्यंत हुकूम पोचायच्या आधीच त्यानं स्वतःला काढून टाकलं होतं. आगवाल्यानं सरांना रोखठोक सांगितलं, ‘‘तो नाय तर मी पन नाय.’’ सर उठले आणि प्राचार्यांच्या खोलीत बराच वेळ बसले, आणि त्यांचा आवाज व्हरांड्यापर्यंत येत होता. बाहेर आले ते ‘‘चला रे’’ म्हणत सगळ्यांना घेऊन थेट किनाऱ्यावर.

रापण ओढणं चालू होतं. सरांनी चपला काढल्या, धोतर खोचलं आणि दोरी धरली. आम्हीही धरली. तांडेलानं एकदा बघितलं आणि मान खाली घालून ओढत राहिला. जाळं वर आल्यावर पुळणीत मासळीचे वाटे पडले. रिवाजच आहे, दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा, मग तो कोणी का असेना. तांडेलानं सरांचाही वाटा काढला.

‘‘मला मासे नकोत, तांडेल,’’ सर म्हणाले. ‘‘हात लागला त्याला वाटा, असंच ना तुमचं? मग आमच्या दोरीला तुमचा हात लागलाय. तुमचा वाटा तिकडं मैदानावर पडलाय. उद्या संध्याकाळी घ्यायला या. प्राचार्यांशी बोललोय मी.’’

पंच्यानं तोंड पुसून तांडेल म्हणाला, ‘‘येतलंय, सर. पन बांगडो इलो तर माका आरडाचाच लागतला. सगळ्या वाडयेच्यो चुली आसत ह्या दोरयेर.’’

‘‘ओरडा की! आधी बॉल बाहेर मारायचा आणि मग दर्याकडं बघायचं, एवढं मी शिकवतो लेकांना. बाकीचं तुम्ही शिकवा.’’

पुढच्या वर्षी घाटावरचा तोच संघ पुन्हा आला. खेळ ऐन रंगात असताना कडेला पंचा फिरला आणि तीच हाक आली. आमच्या सेंटर हाफनं शांतपणे बॉल सुरूच्या झाडांत भिरकावला. बॉल परत येईपर्यंत आम्ही अकराच्या अकरा जण दर्याकडं बघून घेतलं, मीसुद्धा. मग आपापल्या जागी उभे राहिलो. कडेला आता एकटा आगवाला होता, खोकत आणि हसत. तांडेल होडीकडं धावत सुटला होता, आणि त्याच्या मागोमाग, चपला हातात घेऊन, आमचे सर.