सुमनने ओळखलेली खिरापत

भूत-खेत, आत्मा असल्या गोष्टींना मी जन्मभर हसत आलो. रेल्वेत तिकीट खिडकीवर नोकरी केलेला माणूस मी, डोळ्यांसमोर दिसेल तेवढंच खरं मानणारा. तरी आज हे लिहितोय... भीतीने नाही, आनंदाने.

आमचं गाव नांदुरा. माझी बायको सुमन भुलाबाईच्या दिवसांत, म्हणजे कोजागिरीपर्यंतचा महिनाभर, गल्लीतल्या पोरींना जमवायची. गाणी झाली की पोरींनी झाकलेला डबा कानाशी हलवायचा आणि आतली खिरापत, म्हणजे खाऊ, ओळखायची. पोरी एकेक नाव ओरडायच्या, ही म्हणायची, "नाही... नाही..." शेवटी त्या हरल्या की सांगायची. एका वर्षी मुलाने हे माझ्या फोनवर रेकॉर्ड केलं; त्यात शेवटी ती म्हणते, "खारे शेंगदाणे!" ती गेल्यावर तेवढाच तिचा आवाज राहिला. मुलगा कॉपी मागायचा. मी दिली नाही. तिचा आवाज या फोनवरून त्या फोनवर फिरू नये, एवढंच वाटायचं.

आणि ते ज्यात ठेवलं होतं, ती हार्ड डिस्कच गेली. नुसती कटकट आवाज करायची.

स्टेशन रोडवर सलीमभाईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी डिस्क कानाशी धरली. "काका, आत खिरापत हाये का नाही, सांगता येत नाही बरं," म्हणाले. त्यांच्या बहिणी आमच्याच गल्लीत भुलाबाई खेळलेल्या, त्यांना हा खेळ ठाऊक असणारच.

कोजागिरीच्या दुपारी त्यांचा फोन आला. निघताना सूनबाईने डबा दिला, दुकानदाराला द्या म्हणून. आत काय, मी विचारलं नाही. आमच्याकडे भुलाबाईचा डबा विचारायचा नसतो, ओळखायचा असतो. ही सून सुमनने पाहिलेलीही नाही, लग्न नंतरचं.

फोटो सगळे गेले होते. एकच फाइल निघाली. मी डबा काउंटरवर ठेवला, सलीमभाईंनी स्पीकर लावला. तीच गाणी, त्याच पोरी, तेच "नाही... नाही..." मला शब्दन् शब्द पाठ. शेवटी ती म्हणाली,

"हरल्या का पोरीहो? शिंगाड्याच्या वड्या. सूनबाई इलायची टाकाले विसरली."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. डबा उघडला — शिंगाड्याच्या वड्या! मी एक तोंडात टाकली. वेलची नव्हती. सूनबाईला फोन लावला, तर ती ओशाळली: "बाबा, घरातली संपली होती, आणायची राहूनच गेली... तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी ती फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन जवळजवळ पळतच घरी आलो. सगळ्यांना बसवून लावलं. तर शेवटी... "खारे शेंगदाणे!" पुन्हा लावलं, तेच. मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, डॉक्टरकडे जाऊ या का?"

इथे मी खोटं बोललो. वेडा ठरायची लाज वाटली म्हणून सांगितलं, सलीमभाईंनी थट्टा केली असेल, आजकाल एआयने कोणाचाही आवाज काढतात. गोष्ट गावभर झाली. लोक त्यांच्याकडे कॉम्प्युटर द्यायला कचरू लागले, वरून टोमणे — "आमच्या आजीले पण बोलवा." एकदा बाजारात ते भेटले. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "काका, मीनं बी ऐकलं होतं ना. मले काऊन खोटं पाडता?"

म्हणून हे जाहीर लिहितो : सलीमभाईंनी काहीही केलं नाही. मलाच डब्यात काय ते माहीत नव्हतं, तर त्यांना कुठून असणार?

यंदाच्या कोजागिरीला आधी हे सगळं घरात कबूल केलं, मग सूनबाईने दिलेला झाकलेला डबा घेऊन दुकानात गेलो. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर राहिलेली ती फाइल लावली. संपली — "खारे शेंगदाणे!"

"गोड का तिखट, काका?" त्यांनी विचारलं.

"मलाही ठाऊक नाही," मी म्हणालो.

डबा मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. झाकणाला कोणीच हात लावेना. त्या दिवशी काय घडलं, ते आजही मला सांगता येत नाही, त्यांनाही नाही. सलीमभाईंनी हात पुढे केला... आणि फाइल पुन्हा लावली, स्पीकरचा आवाज थोडा वाढवून.