दात, पाय आणि माथुर साहेबांच्या शंका

एकाच ऑफिसात वीस वर्षं काढली की प्रमोशन होवो न होवो, किस्से जमतातच. माझे बहुतेक दातांचे आहेत. थोडे पायांचे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दिल्लीत घरोघरी केबल आलेली, यमुनेपलीकडे सोसायट्या उभ्या राहत होत्या. आम्हीही मयूर विहारला फ्लॅट घेतला होता. मी केंद्र सरकारच्या एका ऑफिसात असिस्टंट होते. आमच्या सेक्शनचं काम म्हणजे दातांच्या डॉक्टरांना सरकारी खर्चाने पुढचं शिकवायचं. सीट, स्टायपेंड, मंजुरी. सेक्शनचे प्रमुख खुराना साहेब, आणि आमच्या प्रत्येक फाइलवर शंका काढायला फायनान्सचे माथुर साहेब.

*

डॉ. रुबीना शेख उदगीरची. एमडीएसच्या तीन वर्षांच्या कोर्सला नंबर लागला होता, पण स्टायपेंडची फाइल माथुरांकडे अडकलेली. स्टायपेंड नाही मिळाला तर परत ये, असं वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं. बिचारी रोज येऊन विचारायची, "ताई, आज काही?"

एके दिवशी खुराना साहेब गाल धरून बसले होते. रुबीनाने त्यांना खिडकीजवळ नेऊन तोंड उघडायला लावलं.

"सर, अकल दाढ है. निकालनी पडेगी."

साहेब कळवळून म्हणाले, "बेटा, अकल रहने दो. दर्द निकाल दो."

*

शेवटी माथुरांनी तिला समोर बोलावलं. मी फाइल घेऊन सोबत गेले.

"मुँह में दाँत कितने होते हैं?"

"बत्तीस, सर."

"पाँच साल में बत्तीस दाँत पूरे नहीं हुए? अब और तीन साल किस बात के?"

मला वाटलं, संपलं सगळं. रुबीना शांतपणे म्हणाली, "सर, पाँच साल में निकालना सीखा. अब बचाना सीखना है."

माथुरांनी फाइल पुढे ओढली. मग सही केली.

बाहेर आल्यावर ती जिन्यात बसून रडली. डोळे पुसले, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "ताई, तुमची खालची दाढ किडलीय. बोलताना दिसते."

*

तेव्हा फरीदाबादच्या पुढे शेतात एक चकाचक डेंटल कॉलेज निघालं होतं. दारात कारंजं. त्यांनाही सरकारी स्टायपेंड हवा होता, म्हणून खुराना साहेब आणि मी तपासणीला गेलो. पेशंट भरपूर, सगळ्या खुर्च्या भरलेल्या. पण तिसऱ्या खोलीतला माणूस मी पहिल्या खोलीतही बघितला होता. त्याचे दात अगदी पांढरेशुभ्र.

मी विचारलं, "भाईसाब, तकलीफ क्या है?"

"तकलीफ तो कुछ नहीं जी. समोसे का बोला था, अभी तक आए नहीं."

साहेबांनी परतीच्या गाडीत रिपोर्ट लिहिला. एका ओळीचा, नकाराचा.

*

मग ऑफिसात एक नवीन प्रस्ताव आला, आणि कुठल्याच सेक्शनचा नसल्याने आमच्या गळ्यात पडायचा होता. मधुमेहाने पाय बधिर होतात, जखमा चिघळतात, पाय कापावे लागतात. ते टाळायला सर्जनना वर्षभराचं ट्रेनिंग द्यायचं. विषय, पोडिएट्री. टपालवाल्यांनी नावाच्या घोळात तो आधी पीडिएट्रिक्सच्या, म्हणजे बालरोगांच्या सेक्शनला पाठवला. दोन महिन्यांनी शेरा मारून आमच्याकडे आला, 'बालकांची वयोमर्यादा कळवावी.'

खुराना साहेबांनी हसून तो पुढे पाठवला. माथुर हसले नाहीत. त्यांनी लिहिलं, 'पायांसाठी वेगळा डॉक्टर कशाला?' चार सीट मागितल्या होत्या, एकच दिली. तीही एका वर्षापुरती.

*

त्या एका सीटवर वाशिमचे डॉ. गायकवाड आले. ओपीडी सुरू झाली, पण पेशंट येईनात. वर्ष संपत आलं. सीट पुढे चालू ठेवायची फाइल पुन्हा माथुरांकडे गेली आणि तिथेच बसली. गायकवाड सामान बांधायला लागले; त्यांच्यानंतर ओपीडीच बंद होणार होती.

त्याच आठवड्यात त्यांच्या ओपीडीत माथुर आले. स्वतःहून नाही, मिसेसनी आणलं होतं. धुवायच्या मोज्यावर त्यांना रक्त दिसलं होतं. माथुरांना जुनी शुगर आहे, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

गायकवाडांनी बूट उतरवला. तळव्यात एक टाचणी अख्खी रुतलेली, वर बूट घालून माणूस रोज ऑफिसला येत होता.

"कब से है, सर?"

"पता नहीं," माथुर म्हणाले. "दुखा ही नहीं."

गायकवाडांनी टाचणी काढून ट्रेमध्ये ठेवली. जखम खोल होती, पण पाय वाचणार होता. माथुरांनी ट्रे जवळ ओढून टाचणी नीट बघितली. मग हळूच म्हणाले, "ऑफिस की है."

सोमवारी सीटची फाइल मंजूर होऊन आली. एकाच्या जागी चार. एकही शंका नाही. एरवी माथुर कागदांना टाचण्या लावायचे. या वेळी सगळे कागद हिरव्या दोऱ्याने बांधलेले होते.