वर न गेलेलं नाव

माझा भाऊ नुकता कुठं चालायला लागला होता. तापानं गेला. मी तेव्हा दुसरीत. आमच्या गावी, साखऱ्याला, शेताच्या कडेला धुऱ्यावरच्या बाभळीखाली त्याला पुरलं. मग घरात त्याचं नाव कुणी काढलं नाही. माय तेवढी घ्यायची, तेही एकटी असली की.

पुढं मी इंजिनिअरिंगला शहरात गेले. कॉलेजातल्या आम्ही पोरापोरींनी एक उपग्रह करायला घेतला, मिठाईच्या खोक्याएवढा. आतल्या पत्र्यावर प्रत्येकानं घरातलं एक नाव कोरायचं ठरलं. दिवाळीला घरी आले तेव्हा मायला म्हटलं, त्याचं नाव घालते. बाई गं, काय हरखली ती! कापूस वेचता वेचता बायांना सांगत सुटली, माझं लेकरू वर जाऊन राहिलं म्हणून. आता त्याचं नाव कुणाच्यानं पुसायचं न्हाई, म्हणाली.

एक गोष्ट मी तिला सांगितलीच नव्हती. काम संपल्यावर तो उपग्रह खाली आणायचं काम माझ्याकडंच होतं. बंद पडलेला उपग्रह तसाच सोडला तर वर्षानुवर्षं वर भटकतो, दुसऱ्यावर आदळतो, आणि त्याचे तुकडे आणखी कुणाला फोडतात. म्हणून आम्ही एक पातळ पडदा बसवला होता. तो छत्रीसारखा उघडला की वरची विरळ हवाही उपग्रहाला अडवते. मग तो हळूहळू खाली येतो आणि आतल्या नावांसकट जळून जातो.

पडद्याचं वजन फार होतंय, काढा तो, असं काहीजण म्हणतच होते. मी गप्प बसले असते तर निघालाही असता. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण आपला कचरा दुसऱ्यांच्या वाटेत टाकून यायचा, हे मला काही जमेना. शेवटी चुलीपुढं बसून मायला सगळं सांगून टाकलं.

तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "मंग नाव नको घालू, बाय. तान्ह्या लेकराला आपल्यात अग्नी देत न्हाईत."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तिथंच रडले.

पत्र्यावरची माझी जागा कोरी राहिली. उपग्रह वर गेला, काही महिने चालला, पडदाही बराबर उघडला. दोनेक वर्षांनी तो जळाल्याचा फोन आला तेव्हा मी गावीच होते. सांगायला शेतात गेले, तर माय बाभळीखालचं गवत उपटत बसली होती.

"जळलं का तुमचं?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं.

तिनं मातीवरून हात फिरवला. "आपलं इथंच हाय," म्हणाली.